झगा उतरवला नाही

दार्सैत, मस्कत
९ मार्च १९९७

डॉमनिक,

पप्पांच्या मयतीला मी संध्याकाळच्या विमानानं उतरणार हे ठाऊक असून तू दुपारीच पेटी बंद केलीस. तेव्हापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही. आजही त्यासाठी लिहीत नाही. बोनीकाकांसाठी लिहिते आहे.

हो, बोनीकाका. फादर बोनिफास रुमाव, पप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. नाव वाचल्याबरोबर पत्र चुरगाळू नकोस. आधी पुरतं वाच.

मी हॉटेलात हाउसकीपिंग बघते हे तुला माहीत आहे. आमच्या रूमबॉइजचे गणवेश हमरियातल्या एका शिंप्याकडे शिवायला जातात. गेल्या आठवड्यात अख्ख्या गठ्ठ्याची मापं चुकली म्हणून मी भांडायला गेले. दुकानाचा अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी आहे, पण तो फक्त भाड्याला उगवतो. दुकान चालवतात अलीमियाँ म्हणून एक रत्नागिरीकडचे म्हातारे. मी सोबतच्या मुलीला मराठीत म्हणाले, "वसईत असते तर हे कपडे याच्या तोंडावर फेकले असते." म्हाताऱ्यानं कात्री खाली ठेवली.

"वसईत कुठं?"

मी गाव सांगितलं.

"तिथं रुमाव म्हणून घर हाय?"

"मी त्याच घरची."

त्यांनी चष्मा काढला. "पाद्री बोनिफास तुझा कोण?"

आपल्याला घरी जे शिकवलं तेच माझ्या तोंडातून आलं. मी म्हणाले, "आमचा कोणी नाही."

"कोणी नाय कसा?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की मशीनवरचा कारागीर थांबला. "मी चार वर्सं त्याच्या संगती एडनच्या जेलात काढली. या हातांनी त्याला पुरला."

डॉमनिक, आपल्याला काय सांगितलं होतं ते आठव. बोनीकाका इंग्रजांच्या काळात एडनला मिशनरी म्हणून गेले. आपल्या वाडीतले पहिले धर्मगुरू. पप्पांनी हॉलमध्ये त्यांचा झग्यातला फोटो लावला होता, येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याखाली बसवायचे. इंग्रज गेले, तिथं लाल सरकार आलं, आणि चौऱ्याहत्तर साली काकांच्या मिशनरी संघाकडून दोन ओळी आल्या. फादर बोनिफास यांनी स्वखुशीनं धर्मगुरूपद सोडलं आहे आणि ते तिथल्या सरकारच्या कामात सामील झाले आहेत. त्याच दिवशी पप्पांनी फोटो उतरवला. नातालीन आत्या चर्चमध्ये मिस्साला सगळ्यात मागच्या बाकावर बसायला लागली. तूही धर्मगुरू व्हायला सेमिनरीत होतास. मुलं तुला 'लाल पाद्र्याचा पुतण्या' म्हणायची. तू अर्ध्यातून परत आलास आणि नंतर कधीच पूर्वीसारखा हसला नाहीस. हे मी विसरलेले नाही. म्हणून तर सगळ्यात आधी तुला कळवते आहे.

ते खोटं होतं. काकांनी काही सोडलं नव्हतं. त्यांना जेलात मारलं.

बाकीचं अलीमियाँ थोडं थोडं सांगताहेत. एका बैठकीत सांगायची त्यांची ताकद नाही, आणि ऐकायची माझीही. हे पत्र आत्याला वाचून दाखव. तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. सख्खा भाऊ आहे तो तिचा. आज वाचून दाखव.

फेलिशिया

दार्सैत
४ एप्रिल १९९७

डॉमनिक,

मी फोन केला तर म्हणालास, "जुन्या गोष्टी उकरू नकोस. आत्याची तब्येत बरी नाही." वाचून दाखवलंस का विचारलं तर म्हणालास लाइन खराब आहे. लाइन अगदी स्वच्छ होती. तुझ्या मागे फ्लॉरी वहिनी कुकर लावत होती तेही मला ऐकू आलं.

मग आता सगळंच ऐक.

लाल सरकारनं मिशनची शाळा घेतली. सिस्टरांना घालवलं. बाकीच्या फादरांना विमानात बसवलं. काकांनाही तिकीट दिलं होतं. ते गेले नाहीत. गोव्याचे चार म्हातारे आचारी होते, काही हबशी बायका होत्या, त्यांतल्या कुणाकुणाला क्षय होता. "मरताना यांना शेवटचं तेल कोण लावणार?" एवढंच काका म्हणाले म्हणे. बंदरावरच्या दवाखान्यात कृष्णकांत नावाचा गुजराती कंपाउंडर होता. तो ड्यूटी संपली की या आजाऱ्यांसाठी औषधं घेऊन चर्चमध्ये यायचा. एक दिवस त्याला इंग्रजांचा हेर म्हणून उचलला. पुरावा काही नव्हता, म्हणून पुरावा द्यायला काकांना धरलं.

"तुझ्या काकाला एकच गोष्ट सांगायची होती," अलीमियाँ म्हणाले. "कृष्णकांत चर्चात येऊन निरोप देत होता, एवढंच बोल. बोललास की मुंबईचं विमान. तो रोज बोलायचा, तो औषध आणत होता. दुसरा शब्द नाय. त्यांनी त्याचा झगा ओढून काढला, कैद्याचा सदरा घातला. मग रेडिओवर सांगितलं की पाद्र्यानं आपणहून झगा टाकला. पहारेकऱ्यांच्या खोलीत मी कानांनी ऐकला तो रेडिओ."

अलीमियाँ तिथं का होते? ते ज्या व्यापाऱ्याकडे शिवणकाम करायचे तो सरकार दुकान जप्त करणार म्हणून सगळं कापड घेऊन पळाला. तो सापडला नाही, हे सापडले. आधी काकांच्या बाजूच्या कोठडीत होते, मग दोघांना एकाच कोठडीत टाकलं. त्या अख्ख्या जेलात मराठी बोलणारे हे दोघंच. एक रत्नागिरीचा मुसलमान आणि एक वसईचा पाद्री. एकमेकांच्या बोलीला हसायचे म्हणे. काका त्यांना भिंतीवर बाराखडी शिकवायचे आणि हे काकांना अरबीतल्या शिव्या.

रेडिओचं अलीमियाँनीच काकांना सांगितलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. मग म्हणाले, "बस्त्यावच्या घरापर्यंत हे जाईल का रे?"

बस्त्याव म्हणजे पप्पा. गेलं ना घरापर्यंत? पप्पांनी त्याच दिवशी फोटो उतरवला.

शेवटी सरकारच्या लोकांनी जाहीर सभा ठरवली. उघड्यावरचं एक सिनेमा थिएटर होतं, तिथं गोदी कामगार आणले, शाळेची मुलं आणली. कैद्यांना खुर्च्या लावायला नेलं होतं, म्हणून अलीमियाँनी हे डोळ्यांनी पाहिलं. कृष्णकांतला हात बांधून पुढे उभा केला. काकांच्या हातात कागद दिला. काकांनी तो घडी करून खिशात घातला आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत माइकवर म्हणाले, "हा माणूस आजाऱ्यांना औषध देत होता. आणि मी पाद्री आहे. काल होतो, आज आहे." तोवर कुणीतरी माइकची वायर उपटली. पण पुढच्या रांगांनी ऐकलं होतं, आणि एडन काही मोठं शहर नाही. एवढ्या लोकांनी ऐकल्यावर कृष्णकांतला गोळी घालायची त्यांची छाती झाली नाही. काही महिन्यांनी त्याला जहाजावर बसवून हाकलून दिलं. तो जगला.

काकांना परतताना ट्रकमध्ये बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं. पोटात, पाठीत. त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. डॉक्टर दिला नाही. कोठडीत अलीमियाँच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले असायचे. शुद्धीत असले की मराठीत बोलायचे, बेशुद्धीत लॅटिनमध्ये. शेवटी म्हणाले, "सुटलास तर वसईला जा. बस्त्यावला सांग, झगा त्यांनी ओढून काढला, मी उतरवला नाही."

गावाबाहेर मिठागरांच्या मागे त्यांना पुरलं. अलीमियाँ आणि आणखी दोन कैद्यांनी खड्डा खणला. मला म्हणाले, "तुमच्यात काय बोलतात ते आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं. मी फातिहा पढलो. गुन्हा झाला असंल तर माझ्या डोक्यावर."

गुन्हा! डॉमनिक, मी त्या दुकानात रडले नाही. मला इतका संताप आला की समोरचा कापडाचा गठ्ठा मी लाथेनं पाडला. त्या सरकारवर आला, दोन ओळी लिहून मोकळ्या झालेल्या त्या संघावर आला, पप्पांवरही आला. तुझ्यावर आला नव्हता. तेव्हा.

आत्याला वाचून दाखव.

फेलिशिया

दार्सैत
२१ जून १९९७

डॉमनिक,

काल शुक्रवार. मिस्सा झाल्यावर मी आणि एलरॉय, दोघं नवराबायको, अलीमियाँकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्या बायकोनं, गुलबानूचाचींनी, सुरमई तळली होती. जेवताना अलीमियाँ सहज म्हणाले, "मी निरोप नेला होता. तुझ्या बापाला मिळाला नाय वाटतं."

मी विचारलं, "कुठला निरोप? कधी?"

एकोणऐंशी साली ते सुटले. मुंबईला बोटीतून उतरले ते आपल्या घरी, रत्नागिरीला गेले नाहीत. बायको वाट बघत होती, मुलगा न बघता मोठा झाला होता. तरी आधी वसईला आले. अंगावर दुसऱ्याचे कपडे होते. विचारत विचारत आपल्या फाटकापर्यंत पोचले. केळीला पाणी सोडत एक तरुण उभा होता. उंच. उजव्या भुवईत खोक.

ती खोक कशी पडली ते मी आणि तू जाणतो. विहिरीचा रहाट निसटला होता आणि मी फडकं धरून बसले होते.

"तेनं विचारलं, काय काम हाय? मी बोललो, फादर बोनिफासचा निरोप हाय, बस्त्यावभाऊंना भेटायचंय. तो बोलला, त्या नावाचा आमच्यात कोणी नाय. मी बोललो, बाबा, फक्त पाच मिंटं. तो बोलला, परत फाटकावर दिसलास तर स्मगलर म्हणून पोलिसात देईन. जेलातून सुटून मना चार दिवस झालेले पोरी. पोलिसाचं नाव काढल्यावर मी परत फिरलो. आत कोणीतरी खोकत होतं. म्हातारा माणूस खोकतो तसा."

पप्पा खोकत होते! पप्पा घरात होते, डॉमनिक! फाटकापासून ओट्यापर्यंत किती अंतर आहे? तुला हाक सुद्धा मारावी लागली नसती.

त्यानंतर पप्पा बारा वर्षं जगले. बारा नाताळ, बारा ईस्टर. प्रत्येक वेळी धर्मगुरूंसाठी प्रार्थना झाली की ते मान खाली घालायचे. तू शेजारी बसलेला असायचास. तुला ठाऊक होतं की कुणीतरी निरोप घेऊन आलं होतं. निरोपात काय आहे हे तुला ठाऊक नव्हतं, कारण तू ऐकलाच नाहीस. ऐकायचाच नव्हता तुला. काका पळपुटा ठरला तर त्याचा राग धरता येतो, हुतात्मा ठरला तर काय धरणार?

मी अलीमियाँना सांगितलं नाही की तो तरुण कोण. लाज वाटली. एलरॉयनं माझ्याकडे बघितलं आणि तोही समजला.

उत्तर दे. या वेळी लाइन खराब आहे म्हणू नकोस, हा कागद आहे.

फेलिशिया

दार्सैत
२ नोव्हेंबर १९९७
मृतांचा दिवस

डॉमनिक,

तुझं पत्र मिळालं. आठ ओळी. म्हणतोस, त्याच आठवड्यात फ्लॉरीच्या घरचे बघायला येणार होते. त्यांच्या घरात दोन सिस्टरी, एक फादर. बोनीकाकांचं नाव पुन्हा निघालं असतं तर सोयरीक मोडली असती. सेमिनरीनंतर तुझ्या आयुष्यात तेवढीच एक चांगली गोष्ट घडत होती. आणि तो माणूस फाटक्या कपड्यांत होता, काहीतरी उकळायला आलाय असं वाटलं.

तुझ्या जागी कुणी घाबरलं असतं हे मी समजू शकते. एक दिवस. एक आठवडा. लग्न झालं, वरात आली, मेलनी झाली, तिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर कधी घाबरत होतास? पप्पा दवाखान्यात होते तेव्हा कोणती सोयरीक मोडणार होती?

आता दुसरं. मेलनीनं फोनवर सांगितलं की आपल्या चर्चच्या धर्मग्रामातून आजवर निघालेल्या सगळ्या धर्मगुरूंची नावं दगडावर कोरताहेत, आणि कमिटीत तू आहेस. बोनीकाकांचं नाव नाही. तिनं तुला विचारलं तर म्हणालास, "ते सोडून गेले होते." माझी तीन पत्रं तुझ्या कपाटात असताना तू तुझ्या सोळा वर्षांच्या मुलीला हे सांगितलंस.

म्हणून मी जे केलं ते सांगते. तुझ्यापासून लपवायची मला गरज वाटत नाही. परवा तू कमिटीच्या मीटिंगला गेला होतास तेव्हा मी घरी फोन लावला. मेलनी फोन आत्याच्या खोलीत घेऊन गेली. इकडे अलीमियाँ माझ्या सोफ्यावर टोपी नीट करून बसले होते, जणू आत्याला दिसणार होतं. दुसऱ्या रिसीव्हरवर मी ऐकत होते.

त्यांनी सगळं सांगितलं. सभा, ट्रक, मिठागर, सगळं. मग आत्यानं विचारलं,

"त्याला जेवायला काय देत होते?"

"रोटी. डाळ. कधी कधी मासळी."

"मासळी बरी असायची?"

"नाय बाय. बारीक, काटेरी."

"त्याला काटे काढता येत नाहीत. लहानपणापासून मी काढून द्यायची. तिथं कोण काढायचं?"

"मी," अलीमियाँ म्हणाले.

"देव तुमचं भलं करो भाऊ," आत्या म्हणाली. आणि मेलनीला म्हणाली, "आता ठेव. माझी जपमाळ कुठंय?"

गुलबानूचाची पदरात तोंड घालून रडत होत्या. मी नाही रडले. त्या बाईला हे तेवीस वर्षं आधी कळायला हवं होतं. निदान अठरा वर्षं आधी. अठराचा हिशेब तुझा.

फेलिशिया

दार्सैत
६ फेब्रुवारी १९९८

डॉमनिक,

मला वाटलं होतं तू निदान मला कळवशील. शेवटी मेलनीनंच सांगितलं.

दगडाचं अनावरण झालं. मिस्सानंतर प्रमुख फादर एकेक नाव वाचत होते आणि घराघरातले लोक उभे राहत होते. सगळी नावं संपल्यावर आत्या उठली. मेलनीच्या खांद्याला धरून, त्या सगळ्यात मागच्या बाकावरून निघाली आणि पार पुढे गेली. माइक तिला दिसत नव्हता, ती तशीच बोलली. पण मेलनी म्हणते शेवटपर्यंत ऐकू गेलं.

"एक नाव राहिलं. बोनिफास रुमाव. त्यानं झगा टाकला नव्हता. त्याला मारला. ज्यानं त्याला मातीत ठेवला तो माणूस माझ्याशी बोललाय."

लोक कुजबुजायला लागले. फादर तरुण आहेत, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कमिटीकडे बघितलं. तुझ्याकडे बघितलं. "डॉमनिक, तुमच्या घरातलं आहे. हे खरं आहे का?"

आणि तू म्हणालास, "मला नक्की माहीत नाही."

अख्ख्या धर्मग्रामासमोर. एक आंधळी म्हातारी हात पुढे करून उभी, आणि तू! प्रभूला ओळखत नाही म्हणणाऱ्या त्या शिष्यासारखं झालं, फक्त कोंबडं आरवायचं राहिलं होतं.

फादरनी चौकशी करू म्हणून सांगितलं. आत्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मेलनी म्हणते बाहेर पडताना चारदोन म्हाताऱ्यांनी तिचा हात हातात घेतला. त्यांना बोनीकाका आठवत होते. त्यांच्या पहिल्या मिस्साचं जेवण आठवत होतं.

यापुढे मी तुला लिहिणार नाही. आत्यासाठी फोन करीन. तू उचललास तर ठेवून देईन.

फेलिशिया

दार्सैत
१२ सप्टेंबर २००३

डॉमनिक,

लिहिणार नव्हते, लिहिते आहे. आत्याला जाऊन पाच वर्षं झाली. तिच्या मयतीला मी आले होते, तुझ्याशी बोलले नाही. दगडाची चौकशी अजून चालूच आहे असं मेलनी म्हणते. कोण करतंय, कुठं करतंय, देव जाणे. साक्षीदार इथं आहे, त्याला कुणीही एक प्रश्न विचारलेला नाही.

आणि तो साक्षीदार चालला आहे. अलीमियाँचं फुप्फुस निकामी झालंय. दुकान सुटलं. मुलगा सुफियान त्यांना अल अमेरातला आपल्या घरी घेऊन गेलाय. तिकडे नवीन वस्ती होतेय, डोंगर कापून रस्ते चाललेत, दिवसभर धूळ. डॉक्टर महिन्याभराची भाषा करतात. त्यांना गावी न्यायचं म्हटलं तर म्हणतात, "आता विमान कशाला? जमीन इथंही हाय."

एलरॉयनं तुझा व्हिजा काढलाय. सोबत पाठवते आहे. तिकीट आम्ही काढलंय. मेलनीशी माझं बोलणं झालंय, तिची नोकरी लागली, घर ती बघेल. फ्लॉरी वहिनीची हरकत नाही.

तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस, मला तुझं तोंड बघायची हौस नाही. त्या माणसासमोर बस. आला नाहीस तर हा माणूस जाईल, आणि मग तू मरेपर्यंत 'नक्की माहीत नाही' म्हणायला मोकळा. ते सुख मी तुला मिळू देणार नाही.

फेलिशिया

दार्सैत
२३ नोव्हेंबर २००३

डॉमनिक,

तू आलास. तुला नको असतं ते विसरण्यात तू पटाईत आहेस, म्हणून काय झालं ते लिहून पाठवते.

सुफियाननं दार उघडलं. अलीमियाँ कॉटवर उशांना टेकून बसले होते, नाकात नळी. तू खुर्चीत बसलास आणि विमानाबद्दल बोललास. उन्हाबद्दल बोललास. गुलबानूचाचींनी चहा आणला, तो प्यायलास. त्यांनी वसईच्या केळींचं विचारलं तर तू बागा कशा तुटल्या, बिल्डर कसे आले, सगळं सविस्तर सांगितलंस. मी दाराशी उभी होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी तुला कॉलर धरून उठवला असता.

मग तू कप खाली ठेवलास. "एकोणऐंशी साली फाटकावर मी होतो," म्हणालास.

"ठाव हाय," अलीमियाँ म्हणाले. "दारातून शिरलास तवाच वलखला."

"मला माफ करा."

"माफीचं मागाहून बघू. तू तवा ऐकलं नायस. आता ऐक."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. दोन वाक्यं बोलायचे, दम खायचे. सुफियान थांबा म्हणाला तर त्यालाच खोलीबाहेर काढला. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकून जमिनीवर आलं. असरची अजान झाली तरी ते बोलत होते. आत्याला फोनवर सांगितली नव्हती अशी गोष्टही तुला सांगितली. ट्रकमध्ये मारत असताना काका ओरडले होते. खूप ओरडले, आईला हाका मारल्या. "तो शूर होता म्हणून दुखत नव्हतं, असं समजू नको," तुला म्हणाले. "लय दुखलं त्याला. तरी बोलला नाय."

तू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होतास, शाळेत बसवतात तसा. शेवटी त्यांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा तू उठून त्यांच्या पाठीला हात लावलास. त्यांनी तो झटकला नाही. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "खलास. माझं काम झालं. पुढचं तुझं."

अलीमियाँ ज्या बुधवारी वारले त्याच दिवशी तू वसईत कमिटीसमोर उभा राहून सगळं सांगितलंस, फाटकावरच्या त्या दिवसासकट, हे मला मेलनीनं सांगितलं. नाव कोरायचं ठरलं, हेही कळलं. ठीक आहे. त्याबद्दल मी तुझं कौतुक करणार नाही.

विमानतळावर तू मला एक गोष्ट सांगितलीस, ती मात्र मला झोपू देत नाही. शेवटच्या दिवशी पप्पा दाराकडे बघून बोनीकाकांशी बोलत होते. "ये रे, बस, जेवलास का," म्हणत होते. तू त्यांना म्हणालास, "पप्पा, तिकडे कोणी नाही." आणि मी पोचायच्या आत पेटी बंद केलीस, कारण पेटीशी उभी राहून मी विचारलं असतं की शेवटी ते काय बोलले.

म्हणजे पप्पांना निरोपाची गरजच पडली नाही, डॉमनिक. एडनचं खरं न कळताच त्यांनी भावाला घरात घेतलं होतं. आणि तू तिथंही आडवा आलास.

तू विचारलंस, अजून राग आहे का. मी हो म्हणाले. तू बॅग उचललीस आणि आत गेलास. मी पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसले. एलरॉयनं एसी लावला. मी पहिल्यांदा रडले. कुणासाठी ते मला सांगता येणार नाही. त्यात तूही होतास, एवढं सांगते.

नाव कोरून झालं की दगडावरून बोट फिरवून बघ. पाथरवट घाईत उथळ कोरतात, चार पावसाळ्यांत अक्षरं बुजतात. उथळ असेल तर परत कोरून घे. तू स्वतः उभा राहून.

फेलिशिया